वाळवंटी डोंगरातली वाट: परतायचे कधी, हे पाण्यावर ठरवा

पाच मित्रांनी बारा किलोमीटरची वाळवंटी डोंगरवाट एका दिवसात करायची, तर माणशी तीन लिटर पाणी पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. उन्हात चढताना ताशी अर्धा ते एक लिटर पाणी लागते आणि चढउतारासह एवढ्या अंतराला पाच-सहा तास सहज जातात, त्यामुळे माणशी पाच लिटर तरी घ्या आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर असू द्या. सोबत खारे खाणेही हवे. तासन्‌तास घाम गाळून नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, म्हणून आपल्याला घाम येतच नाही असे वाटत राहते. अशाच एका वाटेवर आमचा एक मित्र, जो एरवी सर्वांत जास्त बोलतो, हळूहळू गप्प झाला. त्याच्या काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते आणि बाटलीचे झाकण तो उलट्या बाजूला फिरवत होता. शिखर जेमतेम अर्ध्या तासावर होते, तरी आम्ही त्याला खडकाच्या सावलीत बसवले, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतून टोप्यांनी वारा घातला आणि तो सावरल्यावर तिथूनच परत फिरलो. तो निर्णय घेताना आमच्यात वाद झाला, हे मला आजही खटकते. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवा की कोणाही एकाचे निम्मे पाणी संपले, की जिथे असू तिथून सगळे मागे फिरतील. वाट आधी दरीत उतरणारी असेल, तर एकतृतीयांश संपताच फिरा, कारण चढ नेमका भर उन्हात पदरी येतो.

पहाटे फटफटण्याआधी निघा आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालते. विसाव्याला कोरड्या ओढ्याचे पात्र सावलीमुळे मोहात पाडते, परंतु दूरच्या डोंगरावर ढग दिसत असतील तर तिथे बसू नका. तिकडे पडलेल्या पावसाचा लोंढा डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही येऊन धडकतो.