लघवीला वास येतोय, तीच गोळी पुन्हा आणू का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या. मला नणंदेच्या नावाने हाका मारायच्या, रात्रभर झोप नाही. ताप नव्हता. डॉक्टरांनी तपासून लघवीत संसर्ग असल्याचं सांगितलं, औषधाने त्या आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. आता चार दिवस लघवीला उग्र वास येतोय, बाकी त्या ठीक आहेत. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणू का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : आणू नका. नुसता वास म्हणजे संसर्ग नव्हे. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि वास मारते. या वयात, विशेषतः बायकांच्या, लघवीत काहीही त्रास न देणारे जंतू बरेचदा सापडतात. रिपोर्टवर ‘पस सेल्स’ म्हणजे पू-पेशी दिसले की घर हवालदिल होतं, पण मला रिपोर्टला नाही, माणसाला औषध द्यायचं असतं. विनाकारण अँटिबायोटिक दिलं की जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी चालत नाही.

त्यांना उन्हाळी लागली आहे का, म्हणजे लघवी करताना जळजळतं का, ते विचारा. आपणहून त्या सांगणार नाहीत. सारखं जावं लागणं, नव्याने लुगड्यात थेंब गळणं, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि पहिल्या गोळीच्या आधी कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू वाढतात ते बघणाऱ्या तपासणीसाठी, लघवी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबच्या बाटलीत, आणि ती तासाभरात पोचवा. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, उलट्या किंवा ग्लानी असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

पुन्हा भ्रमिष्टासारखं झालं तर? त्याच दिवशी डॉक्टर. पण ‘परत लघवीचंच’ असं घरीच ठरवू नका. साखर किंवा सोडियम उतरणं, साचलेला मलावरोध, नवी झोपेची गोळी, पक्षाघात, कशानेही असं होतं. विसरभोळेपणा महिनोन् महिने वाढत जातो. एका संध्याकाळीत माणूस बदलला तर कारण शोधायलाच हवं.

आता पाण्याचं. ‘भरपूर पाणी प्या’ हे सांगून मी थकले आहे. म्हाताऱ्या बायका पाणी विसरत नाहीत, टाळतात. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून बंद, आणि एसटीने लग्नाला जायचं तर सकाळपासूनच. गुडघे धरलेले, संडास अंगणापलीकडे, दिवा मिणमिणता. मी तरी काय वेगळं केलं असतं? म्हणून आधी वाट सोपी करा. रात्रभर दिवा, भिंतीला धरायला दांडी, जमल्यास पलंगाशेजारी कमोडची खुर्ची. पाणी, ताक, पेज यांचा मोठा वाटा संध्याकाळच्या आत पोटात जाऊ द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाण्याचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

दर तीन तासांनी, लागो न लागो, जायला सांगा आणि घाई करू देऊ नका. मूत्राशयात उरलेली लघवी जंतूंना आयतीच मिळते. मलावरोध सांभाळा. शौचानंतर धुणं पुढून मागे. आत साबण किंवा जंतुनाशक नको. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनी त्या जागी बुरशीची खाज येऊ शकते. गोळ्यांची पाकिटंच डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या जळजळीचं गोड सिरप जंतू मारत नाही, शिवाय त्यात बहुधा सोडियम असतं. रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नको.

एक उपाय घरात लाजेपोटी कोणी काढत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनिमार्गाची त्वचा पातळ पडते आणि तिथले राखणदार जंतू कमी होतात. वारंवार संसर्ग होत असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगला उपयोग करतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, आणि सासूबाईंना पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते आधीच सांगा.