जुन्या डिझेल गाडीचा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारा प्लग) टायमर गेलाय; मेकॅनिक डॅशबोर्डवर बटण लावून देतो म्हणतो. लावू का?

गाडी जुनी, साध्या पंपाची असेल तर लावा. कॉमन रेल इंजिन (नव्या पद्धतीचं, संगणकाने डिझेल सोडणारं) असेल तर नको. त्यातले बरेच प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालतात, ईसीएम (इंजिनचा संगणक) त्यांना मोजून करंट देतो. थेट बॅटरी जोडली की जळतात. कधी प्लगचं टोक फुगून इंजिनच्या हेडमध्ये अडकतं, मग खर्च विचारू नका.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ अंशांवर आला की अशी गाडी सकाळी नुसता पांढरा धूर सोडते, हे खरं. पण भाऊ, वायरिंगला हात लावण्याआधी मीटर लावा. प्लगना जोडणारी वरची पत्ती सोडा आणि एकेका प्लगचा रेझिस्टन्स बॉडीशी मोजा. साधारण १ ओहमच्या आसपास किंवा कमी आला तर ठीक. काहीच दाखवत नसेल तर प्लगच गेलाय, बटण लावून काय होणार!

आता बटण. चार प्लग मिळून ४०-६० अँपिअर सहज ओढतात, त्यामुळे तो करंट बटणातून न्यायचाच नाही, वितळेल. बटणाने फक्त रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढायचा. रिले ७०-८० अँपिअरचा, वायर १० स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळ तेवढ्याच ताकदीचा फ्यूज. बटण हॉर्नसारखं, बोट काढलं की बंद होणारं घ्या. चालू-बंद स्विच हमखास विसरला जातो. बटणाची लाइन इग्निशनवरून घ्या. ६-८ सेकंद दाबा, मग सेल्फ मारा.

आणि हीटर लावून इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका, भडका उडतो.