सर्च इंजिन बदलता येतं, मग मक्तेदारी कसली?

प्रश्न : फोनमधलं सर्च इंजिन केव्हाही बदलता येतं. मग गूगलवर मक्तेदारीचा ठपका का?

उत्तर : येतं, पण बदलतो कोण? नवा फोन हातात आला की आपण सरळ समोरच्या शोधपट्टीत टाइप करू लागतो. ही सवय गूगल पुरेपूर ओळखून आहे. म्हणून तर ती जागा आपल्याकडेच राहावी यासाठी २०२१ या एका वर्षात तिने ॲपलसारख्या कंपन्यांना मिळून २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. अमेरिकी न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये हे बेकायदा ठरवलं. मला संताप येतो तो याचा, की नवं इंजिन कितीही सरस असलं तरी लोकांपुढे येतच नाही. आणि वापरणारे नाहीत म्हणून त्याला सुधारायलाही वाव मिळत नाही. तुम्ही आजच सेटिंग उघडा, दुसरं एखादं आठवडाभर वापरून बघा.