लाळग्रंथीत खडा: "परत होणारच असेल तर ग्रंथीच काढून टाका ना!"

मी कान-नाक-घसा विभागात ऑपरेशनआधी पेशंटशी बोलायचं काम करते, आणि लाळेचा खडा घेऊन आलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की खडा काढला तरी परत होणारच ना, मग एकदाची ग्रंथी काढून मोकळं का होऊ नये? मागे एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), त्यांचंही हेच. भावाला किडनी स्टोन दोन-तीनदा झालेला, त्यामुळे खडा म्हटलं की परत येतोच हे डोक्यात पक्कं बसलेलं.

त्रास अगदी नेहमीचाच. जेवायला बसलं, दोन घास पोटात गेले की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ वर यायची, ठणका सुरू, आणि तास-दोन तासांत आपोआप उतरायची. आधी कॅन्सरची धास्ती होती, सोनोग्राफीत खडा दिसल्यावर ती गेली. पण बोलता बोलता कळलं की ताई जेवणच टाळतायत! सकाळचं खाणं बंद, दिवसभर चहावर, पाणीसुद्धा घोट-घोट, कारण लाळ सुटेल. वर खड्यात कॅल्शियम असतं असं कुठेतरी वाचून डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही स्वतःच थांबवलेल्या.

ऑपरेशनचं मग बाजूलाच ठेवलं आणि आधी हे घेतलं. लाळेचे 80 ते 90 टक्के खडे जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात, कारण तिथली लाळ जरा घट्ट, आणि तिची साधारण 5 सेंटीमीटरची नळी खालून वर चढत जिभेखाली उघडते. लाळ तिथे रेंगाळली की क्षार साचतात. म्हणजे उपाशी राहून, पाणी कमी पिऊन आपण लाळ आणखी घट्ट करतो, आणि दुखू नये म्हणून केलेल्या या गोष्टी खड्याच्याच पथ्यावर पडतात. खाण्यातल्या कॅल्शियमने हे खडे होतात असं काही नाही, त्यामुळे गोळ्या मनानेच बंद करण्यात अर्थ नव्हता. हे ऐकून ताई जरा गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी जेवू शकते?" हो, जेवा की, नळी तुंबलेली आहे तोवर फार आंबट खाल्लं तर जास्त ठणकेल एवढंच.

आता ग्रंथी काढण्याचं. सर्जननी एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली ठेवून चाचपलं, मग ताईंचंच बोट तिथे टेकवलं, तर नळीच्या तोंडाजवळ टणक कण चक्क हाताला लागत होता. असा पुढे आलेला खडा तोंडातूनच, जागेवर भूल देऊन, नळीला छोटा छेद घेऊन काढता येतो, बाहेर व्रण नाही. लहान आणि हलता खडा असेल तर साधारण एक मिलिमीटर जाडीची दुर्बीण नळीत घालून बारीक जाळीने ओढून काढतात. ग्रंथीत खोल रुतलेला मोठा खडा, किंवा वारंवार पू होऊन ग्रंथी पार खराब झालेली, अशा वेळी ती काढायचा विचार होतो. ते ऑपरेशन गळ्यावर छेद घेऊन, आणि खालचा ओठ हलवणारी नस, जिभेच्या नसा तिथून अगदी जवळून जातात, त्यामुळे ओठ वाकडा होण्याचा किंवा जीभ बधिर होण्याचा थोडा धोका असतो, बहुतेकदा तात्पुरता, पण असतो. एक ग्रंथी गेली तर बाकीच्या सहसा निभावून नेतात हे खरं, तरी माझं मत स्पष्ट आहे, कटकट नको एवढ्याच कारणाने काढून टाकायची ही गोष्ट नाही. अडथळा गेला की दुखरी ग्रंथीसुद्धा बऱ्याचदा पुन्हा नीट काम करायला लागते.

ताईंनी तोंडातून खडा काढून घेतला. नंतर परत घाबरल्या, "जखम उघडीच ठेवलीय!" तर नळी आकसू नये म्हणून तिचं तोंड मुद्दाम उघडं ठेवतात, कधी कडा तोंडातल्या बाजूच्या अस्तराला टाचतात. सुरुवातीला थोडी सूज राहतेच. पहिलं मऊ जेवण मी त्यांना माझ्यासमोरच करायला लावलं, प्रत्येक घासाला उजवा हात जबड्याकडे जायचा, अर्धं ताट झाल्यावर तो खाली राहिला.

परत कधीच होणार नाही अशी गॅरंटी मी देत नाही, कोणी देऊही नये, पण बहुतेकांना परत होत नाही आणि आपल्या हातातलंही बरंच आहे. दिवसभर पाणी, वेळेवर चावून जेवण, दात साफ, तंबाखू-सिगरेट बंद. जखम भरल्यावर डॉक्टर हो म्हणाले की बिनसाखरेची आंबट गोळी चघळायची आणि जबड्याखालून हनुवटीच्या दिशेने, मागून पुढे, हलका मसाज. ॲलर्जीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि ताप, तोंडात पुवाची चव, वाढत जाणारी सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सी गाठा.