अपहरणाचा बनाव ऑनलाइन शोधांवरून कसा उघडकीस येतो?
मुख्य पुरावा शोधाच्या वेळेत असतो. तक्रारीत जी घटना अचानक घडल्याचे सांगितलेले असते, तिच्याविषयी फोनवर आधीच ऑनलाइन शोध घेतलेला दिसतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जुलै 2023 मध्ये महामार्गावर एकटे बालक दिसल्याचे कळवून बेपत्ता झालेली तरुणी सुमारे 49 तासांनी घरी परतली आणि तिने अपहरण झाल्याचे सांगितले, परंतु अपहरण झालेल्या मुलांच्या शोधासाठी दिल्या जाणाऱ्या तातडीच्या जाहीर सूचनेला (अँबर अलर्टला) पैसे पडतात का, हे तिने दोन दिवस आधी शोधले होते, आणि गायब होण्याच्या दिवशी पहाटे बसचे एकेरी तिकीटही (परतीचे नव्हे!) शोधले होते. पुढे तिने वकिलामार्फत बनावाची कबुली दिली. ब्राउझरमधील इतिहास पुसला, तरी खात्याशी जोडलेली नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहू शकते.