गळतं एकीकडे, टपकतं भलतीकडे

प्रश्न: नमस्कार, आम्ही भांडुपला राहतो. पंधरा वर्षं जुनी टूरिस्ट व्हॅन घेऊन मागच्या सीटा काढल्या, तिथे बेड, छोटा ओटा, वर कपाटं असं सगळं करून घेतलं. पण पावसात मागची गादी भिजते. गॅरेजवाल्याने टपावर जिथे जिथे फट दिसली तिथे सिलिकॉन मारलं, तरी जुलैत परत तेच. आता कायमची ताडपत्री टाकून ठेवलीये. मिसेस म्हणते विकून टाका. काय करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: विकू नका हो एवढ्यात. आधी ती ताडपत्री काढा, निदान उघडीप असेल तेव्हा तरी, कारण आत गेलेलं पाणी तिच्याखाली कोंडून राहतं आणि वाऱ्याने फडफडून रंग घासला जातो तो वेगळाच.

आता मुद्दा असा की गादी मागे भिजते म्हणजे भोक मागेच असेल असं अजिबात नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आपल्या हॉलच्या कोपऱ्यात उतरतं ना, तसंच. टपाच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, पत्रा आणि आतल्या प्लायच्या मधल्या जागेत पाणी त्या पट्ट्यांवरनं फिरत जातं आणि जिथे उतार मिळेल तिथे खाली येतं. तुमची गाडी सोसायटीत कुठल्या बाजूला कलून उभी असते ते बघा. ब्रेक मारल्यावर पुढे पाणी येतं का तेही बघा, येत असेल तर सीलिंगमध्ये पाणी साठलंय. आणि नुसती उभी असताना भिजते की पावसात चालवल्यावरच? चालवल्यावरच भिजत असेल तर टप सोडा, काचेचं रबर बघा, नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी खालच्या वायरच्या भोकातनं वर येतंय का ते तपासा, तिथलं रबरी बूच हमखास निघालेलं असतं.

उभ्या गाडीत भिजत असेल तर मागचं प्लाय आणि एक कपाट उघडावंच लागेल, जिवावर येतं मान्य आहे, पण गंजाच्या रेघा आणि काळे डाग तिथेच दिसतात आणि त्यांच्या मागे मागे वर गेलं की अर्धं काम होतं. आत ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेलं असेल आणि ते ओलं असेल तर सरळ फेकून द्या, ते लवकर सुकत नाही.

मग टेस्ट. आतनं सगळं कोरडं पुसा, जोडांवर टिश्यू पेपर चिकटवा किंवा टाल्कम पावडर मारा, पाण्याची वाट लगेच उमटते. एकजण टॉर्च घेऊन आत, एकजण बाहेर. पाणी खालनं वर न्यायचं, हे महत्त्वाचं!! आधी मागचे लाइट आणि दाराचं रबर, मग खिडक्या, मग टपाच्या कडेची पन्हळ, सगळ्यात शेवटी टप, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं थांबायचं. वरनं सुरुवात केलीत तर सगळीकडनंच ओघळ येतो आणि काही कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातनंही पाणी आत घुसवतो. आणि सेक्रेटरी पाइप लावू देत नसतील तर झाडांची झारी घ्या, आरामात चालते.

माझा संशय विचाराल तर कॅरियरचे नटबोल्ट, टपावरची हवेची खिडकी, सोलरची वायर आत घेतलेलं भोक, आणि सरकत्या काचा. या काचांच्या खालच्या खाचेत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, मुंबईच्या धुळीने ती बुजतात आणि खाच भरून पाणी आत सांडतं. टूथब्रश आणि बारीक तार घेऊन साफ केली की झालं. गंमत म्हणजे बरेच जण हीच भोकं बाहेरनं सिलिकॉनने बंद करून टाकतात, तुमच्या गॅरेजवाल्याने तेच केलं नाहीये ना ते आधी बघा.

त्या सिलिकॉनचं पण बोलायला हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं असेल तर त्यातनं ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. वर आणि त्याच्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही नीट बसत नाही. म्हणून वरनं अजून एक थर मारण्यात अर्थ नाही, जुनं सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, गंज घासा, मग रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज मारणारं औषध), इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पक्का थर), रंग, आणि मगच सील. पत्र्याच्या जोडांना पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन सीलंट. जे पुढेमागे काढावं लागेल, म्हणजे टपावरची खिडकी वगैरे, त्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. टेप दबून बाहेर येते म्हणून स्क्रू एक-दोन दिवसांनी परत आवळा. हे सगळं नागदेवीला, हार्डवेअरच्या बाजारात मिळेल. काचेचं रबर हवं असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, पण जुन्याचा तुकडा कापून न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भलताच साइज गळ्यात मारतात.

हे पावसात करू नका. ऑक्टोबर हीटचा एवढा तरी फायदा घ्या, सगळं उघडं टाकून पंखा लावून खडखडीत वाळू द्या. प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत रुतला तर ते प्लाय गेलं. नवीन घेताना बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेलंच घ्या आणि कापलेल्या कडा सील करा.

प्रश्न: काका, आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय केलेल्या व्हॅनमध्ये, पाऊस नसतानाही पुढचं कार्पेट ओलं होतं. छत गळतंय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही ताई, बहुतेक एसी. मुंबईच्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर निघतं आणि ते नळीने गाडीखाली पडायला हवं. वीस मिनिटं एसी लावून ठेवा, खाली पाणी दिसलं नाही आणि कार्पेट ओलं झालं तर नळी चोंदलीये किंवा निसटलीये, किरकोळ काम आहे. फक्त ते पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आहे, मग हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर फुटलाय, गाडी तशीच दामटू नका, इंजिन तापेल.

प्रश्न: रात्री कॅम्परमधले सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मधेच टुर्र करून चालू होतो. भूत आहे का?
– एक वाचक, दादर

उत्तर: भूत कसलं, लाइनमधलं प्रेशर उतरतंय, म्हणून पंप आपोआप चालू होतो. टाकीत थोडा खायचा रंग टाका, जिलेबीचा चालेल, आणि प्रत्येक जोडाखाली रात्रभर टिश्यू ठेवा. सकाळी एखादा रंगला तर तो जोड आवळा. सगळे कोरडे निघाले तर पंपातला व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत सोडतोय, तेव्हा त्याचं किट बदला. आणि तोपर्यंत झोपताना पंपाचा स्विच बंद करत जा.