सततच्या ताणामुळे झोप आणि स्वभाव का बदलतो?

अवकाळी पावसाच्या भीतीने निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते आणि तो घरच्यांवर चिडू लागतो, यामागे स्वभावदोष नसून शरीरक्रिया आहे. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते. तेथून स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक (हार्मोन) रक्तातील साखर वाढवून संकटाला तोंड देण्याचे बळ पुरवते. एरवी ते पहाटे वाढते आणि रात्री उतरते. परंतु काळजी महिनोन्महिने टिकली, तर ही लय बिघडते, रक्तदाब वाढू शकतो, मेंदूतील स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागावर परिणाम होतो आणि भीती जागवणारा अमिग्डाला हा भाग अधिक संवेदनशील बनतो. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. झोप अनेक आठवडे बिघडलेली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’ या मोफत सरकारी हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतही बोलता येते.